घशापासून झडपेपर्यंत : हृदयाच्या झडपांचा विकार आपल्या भागात का आढळतो

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, लोणखेडा येथे, रुग्णालयातील वैद्यकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्हा वैद्यकांपैकी कोणी तरी एका आजारावर चार शब्द बोलावेत, अशी आपली प्रथा आहे. या वर्षी हृदयाच्या झडपांचा विषय मी मागून घेतला. देणगीदारांच्या पत्रांतून "ही रक्कम एखाद्या गरीब मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी वापरावी" अशी इच्छा वारंवार व्यक्त होते. त्या भावनेचे मोल आम्ही जाणतो. परंतु आपल्या भागात ज्या विकारासाठी अशी शस्त्रक्रिया करावी लागते, त्याची सुरुवात कितीतरी वर्षे आधी एका साध्या घसादुखीत झालेली असते. मधल्या काळात तो विकार थोपवण्याची संधी दर एकवीस दिवसांनी पुन्हा पुन्हा येत असते. त्या संधीसाठी मदत मागणारे पत्र आम्ही आजवर कोणालाही लिहिले नाही, ही आमचीच चूक.

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच त्यांचे काम. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेला आम्ही मिट्रल झडप म्हणतो, आणि डाव्या बाजूने जिथून रक्त महारोहिणीत जाते तेथील झडपेला एऑर्टिक. झडप नीट मिटली नाही तर रक्त मागे गळते. तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटल्या तर वाट अरुंद होते, मागे रक्त तुंबते आणि फुप्फुसे पाण्याने भरू लागतात. रुग्ण सांगतो ते साधेच असते : चढ चढताना दम लागतो, रात्री आडवे झोपवत नाही, छातीत धडधडते.

हा विकार जगात सर्वत्र आढळतो, पण त्याचे कारण सर्वत्र एक नाही. युरोप-अमेरिकेत आज झडपेचा रुग्ण बहुधा सत्तरी ओलांडलेला असतो. वयानुसार झडपेत कॅल्शियम साचून ती कडक झालेली असते, म्हणजे तो दीर्घायुष्याबरोबर येणारा आजार आहे. आपल्याकडे झडपेचा रुग्ण शाळेत जाणारा मुलगा असतो, नाही तर पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणाची तरुण स्त्री. जगातील 14 देशांमधील 3,343 रुग्णांची जी मोठी नोंद 'रेमेडी' या नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यात रुग्णांचे मध्यक वय 28 वर्षे होते आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. ही झीज वयाची नव्हे. हा बालपणी झालेल्या संधिज्वराचा मागे राहिलेला घाव आहे.

संधिज्वर हा शब्द ऐकून उतारवयातील गुडघेदुखी डोळ्यांसमोर आणू नये. तो आजार वेगळा. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूंच्या एका गटामुळे मुलांचा घसा सुजतो, ताप येतो, मानेतल्या गाठी दुखतात. चार-सहा दिवसांत मूल बरे होऊन खेळू लागते. दोन-तीन आठवड्यांनी मात्र काही मुलांना पुन्हा ताप येतो आणि मोठे सांधे एकामागून एक सुजतात : आज गुडघा, परवा घोटा, नंतर मनगट. जंतूंशी लढण्यासाठी शरीराने जी शस्त्रे तयार केली, तीच स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालतात, कारण जंतूच्या कवचातील काही घटक आणि हृदयातील काही घटक यांत साम्य असते. हा ताप सांधे नुसते चाटतो, पण हृदयाला चावतो, असे वैद्यकात जुने म्हणणे आहे. सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात, कसलाही डाग राहत नाही. झडपेवरचा डाग मात्र राहतो, आणि पुढची प्रत्येक घसादुखी त्या डागावर नवा डाग चढवू शकते. पाच ते पंधरा हे त्याचे वय. त्याआधी आणि त्यानंतर पहिला झटका क्वचितच येतो.

काही काळापूर्वी सातपुड्यातील एका पाड्यावरून बाविशीची एक गर्भवती आमच्याकडे आली. सातवा महिना होता. दोन महिन्यांपासून तिला दम लागत होता. रक्त कमी आहे म्हणून तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि रक्त कमी होते हेही खरेच. ती आली तेव्हा तिला बसूनच श्वास घ्यावा लागत होता. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते, आणि अरुंद मिट्रल झडपेतून तेवढे रक्त जाऊ शकत नाही. तोवर मुकाट राहिलेला आजार अशा वेळी उघडा पडतो. इको तपासणीत तिची झडप अतिशय अरुंद निघाली. औषधांनी फुप्फुसातील पाणी उतरवून तिला शहरात पाठवले. तेथे मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करण्यात आली, आणि पुढे तिची प्रसूती सुखरूप झाली.

मला सांगायचे आहे ते त्या आधीचे. लहानपणी कधी सांधे सुजले होते का, असे मी तिच्या आईला विचारले. आई पावरी बोलत होती, आमच्या परिचारिकेने अर्थ सांगितला. मुलगी आश्रमशाळेत होती, दहा-अकरा वर्षांची असेल. एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा. दोन महिने घरी होती. बडव्याने पाहिले, बाजाराच्या गावी गोळ्याही घेतल्या, आणि बरी झाली. "पण डॉक्टरसाहेब, ते तर गुडघे होते," आई म्हणाली. तिचे काय चुकले? गुडघ्याचा आणि हृदयाचा संबंध तिला कोणी सांगितलाच नव्हता. त्या वेळी तिला एक सुई लागली असती आणि पुढे दर एकवीस दिवसांनी लागत राहिली असती, तर बाविसाव्या वर्षी झडप त्या अवस्थेला बहुधा पोचली नसती.

पाश्चात्त्य ग्रंथांत असे लिहिलेले असे, की संधिज्वरानंतर मिट्रल झडप अरुंद होण्यास वीस-वीस वर्षे लागतात. भारतात हे खरे नाही, हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले. विसाव्या वर्षाच्या आतच झडप कमालीची अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे सर्रास आढळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. कारण उघड आहे. पहिला झटका ओळखला जात नाही, संरक्षक औषध सुरू होत नाही, आणि झटके पुन्हा पुन्हा येत राहतात. जगभरच्या आकड्यांच्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2015 साली जगात या विकाराचे सुमारे 3 कोटी 34 लाख रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे 1 कोटी 32 लाख भारतात होते, आणि त्या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 19 हजार मृत्यू या विकाराने झाले. हे अंदाज आहेत, तंतोतंत मोजणी नव्हे. पण दुसऱ्या कोणत्याही देशाचा आकडा आपल्या जवळपास नाही.

नुसत्या कानाने ऐकून केलेली मोजणीही अपुरी असते. हरियाणातील बल्लभगडच्या शाळांमध्ये डॉ. अनिता सक्सेना यांच्या पथकाने 6,270 मुलांची तपासणी केली. नळीने ऐकून हजारी एकापेक्षाही कमी, 0.8 मुले सापडली. त्याच मुलांची इको तपासणी केली तेव्हा हे प्रमाण हजारी 20.4 निघाले. सुप्तावस्थेतील या सर्वच मुलांचा आजार वाढतो असे नाही, त्यामुळे आकडा ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. परंतु अशा मुलांना पेनिसिलिन दिल्यास काय होते याचेही उत्तर आता मिळाले आहे. युगांडामध्ये 818 मुलांवर झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांत आजार वाढलेल्या मुलांचे प्रमाण सुई मिळालेल्यांत शेकडा 0.8 होते, न मिळालेल्यांत शेकडा 8.2.

आता प्रश्न असा, की हा आजार आपल्याकडेच का रेंगाळला? तो उष्ण कटिबंधाचा आजार मुळीच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडन, बोस्टन आणि कोपनहेगन येथील गरिबांच्या वस्त्यांत तो घरोघरी होता. डेन्मार्कमधील नोंदी पाहिल्या तर पेनिसिलिनचा शोध लागण्याआधीपासूनच तो तेथे कमी होत चाललेला दिसतो. घरे मोठी झाली, एका खोलीत झोपणाऱ्यांची संख्या घटली, मुलांचे पोषण सुधारले. जंतू श्वासातून, खोकल्यातून, शेजारी झोपणाऱ्याकडून येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील वायोमिंग येथील लष्करी तळावर सैनिकांच्या घशांचा अभ्यास झाला. जंतूवाहक सैनिकाची खाट जितकी जवळ, तितकी शेजाऱ्याला लागण होण्याची शक्यता जास्त, असे त्यात आढळले. आणि सुजलेल्या घशावर वेळीच पेनिसिलिन दिले तर संधिज्वर टळतो, हेही तेथेच सिद्ध झाले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत दिलेले पेनिसिलिनही उपयोगी पडते. एरवीच्या जगात इतकी सवलत देणारे आजार थोडे.

खाटांमधील अंतराचे हे निरीक्षण वाचताना मला आपल्या जिल्ह्यातील आश्रमशाळांची आठवण होते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतील कितीतरी मुले वर्षाचे दहा महिने तेथे एका छताखाली झोपतात, आणि नेमक्या पाच ते पंधरा या वयात. मी आश्रमशाळांना दोष देत नाही. त्या नसत्या तर ही मुले शाळेतच गेली नसती. उलट मला त्यांत मोठी सोय दिसते. ज्या मुलाला दर एकवीस दिवसांनी सुई द्यायची, ते मूल कोठे सापडेल हे ठाऊक असणे ही या कामातील अर्धी लढाई असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. त्यात तपासायच्या तीस विकारांमध्ये हा विकारही समाविष्ट आहे. ते पथक वर्षातून एकदा शाळेत येते. नळीला काही ऐकू आले तर मुलाला पुढे पाठवते. पुढे पाठवल्यावर ते मूल खरोखर पोचले की नाही, हे पाहणारे कोणी तरी हवे.

शाळेबाहेरच्या मुलांचे आणि तरुणांचे काय? दिवाळी झाली, अस्तंब्याची यात्रा आटोपली, की सातपुड्यातील पाडेच्या पाडे ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत उतरतात. होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास बरेच जण चार दिवस परततात. या मधल्या काळात एकवीस दिवसांचा हिशेब कोण ठेवणार? उसाच्या फडाशेजारी पालात राहणाऱ्या बापाने मुलीला सुईसाठी नेले तरी तेथील डॉक्टर तिला ओळखत नाहीत, जवळ कागद नसतो, आणि पेनिसिलिन म्हटले की डॉक्टरही कचरतात. पुष्कळदा सुई नाकारली जाते. चार-पाच सुया चुकतात. तेवढ्यात एक घसादुखी येऊन जाते.

डॉक्टर का कचरतात, तेही सांगतो. पेनिसिलिनची तीव्र प्रतिक्रिया येऊन रुग्ण दगावतो, ही भीती आमच्या व्यवसायात खोल रुजलेली आहे. ती अगदी निराधार नाही, पण प्रमाणाबाहेर आहे. अकरा देशांतील 1,790 रुग्णांना दिलेल्या 32,430 सुयांची नोंद 1991 साली प्रसिद्ध झाली. त्यांत तीव्र प्रतिक्रिया चौघांना आली, आणि मृत्यू एक झाला. तोही ज्याचे हृदय आधीच फार खराब झाले होते अशा रुग्णाचा. अलीकडे, 2022 साली, अमेरिकन हार्ट असोसिएशनने असा सल्ला दिला, की ज्यांच्या झडपा अत्यंत खराब आहेत अशांना सुईऐवजी तोंडाने घेण्याच्या पेनिसिलिनचा विचार करावा. कारण अशा रुग्णांत सुईनंतर आलेली घेरी जीवघेणी ठरू शकते. म्हणजे कोणाला सुई द्यायची आणि कोणाला नाही, याचा विचार करावा लागतो. पण सरसकट नाकारण्याला आधार नाही. दुसरी अडचण पुरवठ्याची. हे औषध इतके स्वस्त आहे की ते बनवण्यात उत्पादकांना रस उरत नाही, आणि जगभर त्याचा वारंवार तुटवडा होतो. महाग औषध मिळत नाही हे सर्वांना समजते. स्वस्त औषध मिळत नाही हे पटवून देणे अवघड जाते.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट, कारण तिच्यामुळे चुका दोन्ही बाजूंनी होतात. आपल्याकडील भिल्ल व पावरा समाजांत सिकल सेलचे प्रमाण मोठे आहे. सिकल सेलच्या मुलाचेही सांधे आणि हाडे दुखतात, त्यालाही ताप येतो, आणि रक्त कमी असल्यामुळे त्याच्या हृदयातही नळीने आवाज ऐकू येतो. झडपेला मात्र काही झालेले नसते. अशा मुलाला 'हृदयरोगी' ठरवून त्याचे खेळणे, कधी शाळाही, बंद केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. याउलट, सिकल सेल आहे हे कळल्यावर प्रत्येक दुखणे त्याच्याच माथी मारून झडप तपासायचीच राहून गेल्याचेही पाहिले आहे. 2023 मध्ये देशपातळीवर सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून ती रक्ततपासणी सहज होऊ लागली आहे. सांधे सुजलेल्या मुलाची सिकल सेल तपासणी आणि इको या दोन्ही गोष्टी व्हाव्यात, असा आमचा आग्रह असतो.

शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिचे महत्त्व आपण जाणताच. चिकटलेली मिट्रल झडप फुग्याने रुंद करण्याची पद्धत जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी 1982 साली प्रथम वापरली, आणि छाती न उघडता असंख्य तरुण रुग्णांचे प्राण वाचले. जी झडप दुरुस्त होत नाही ती बदलावी लागते. परदेशी झडपांच्या किमती पाहून भारतीय रुग्ण हताश होत, त्या काळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी यांत्रिक झडप घडवली. डिसेंबर 1990 मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. पुढे लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली. शासनाची राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आपल्या शेजारच्या धुळ्यासह आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी राज्यभर सुरू झाली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि पात्र कुटुंबांना झडपेची शस्त्रक्रिया तिच्यातून मिळू शकते.

मात्र झडप बसवली म्हणजे सुटका झाली, असे कुटुंबीयांनी समजू नये. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती कमी पडली तर झडप अडकते किंवा अर्धांगवायू होतो, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून नियमित रक्ततपासणी हवी. मोलगीच्या पलीकडील पाड्यावरून येणाऱ्या माणसाला या एका तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे मोडावे लागते. ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून झडप बसवलेल्या तरुण मुलीच्या लग्नाचा आणि मातृत्वाचा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच तिच्याशी आणि तिच्या आईशी बोलावा लागतो. तो बोलला जात नाही, हे मी खेदाने सांगतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि देणगीदारांपुढे माझी मागणी अशी आहे. शस्त्रक्रियेसाठी येणारा निधी पूर्वीप्रमाणेच यावा. जे शासकीय योजनेत बसत नाहीत त्यांना तो लागतोच. पण त्यातील काही भाग एका नोंदवहीसाठी, ती सांभाळणाऱ्या एका पूर्णवेळ परिचारिकेसाठी आणि वर्षभर पुरेल एवढ्या पेनिसिलिनच्या साठ्यासाठी राखून ठेवावा. प्रत्येक रुग्णाला मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत छापलेले कार्ड द्यावे. त्यावर आजाराचे नाव, सुईची मात्रा, आधी किती सुया कोणत्याही त्रासाविना घेतल्या ते, आणि आमचा दूरध्वनी असावा, म्हणजे फडावरच्या डॉक्टरला ती देण्याचा धीर येईल. हातात मावणारे इको यंत्र आता मिळते. ते घेऊन महिन्यातून दोन दिवस आश्रमशाळांत जाण्यास आम्ही वैद्यक तयार आहोत. नोंदवहीची कोनशिला बसवता येत नाही, तिच्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, हे मला समजते. अध्यक्ष महोदयांनी त्याबाबत काही मार्ग सुचवावा.

कुटुंबीयांना एक शेवटची सूचना. सर्वच घसादुखीला सुई लागत नाही. सर्दी-खोकल्यासह येणारी बहुतेक घसादुखी आपोआप बरी होते. पण सर्दी नसताना ताप, गिळताना तीव्र वेदना आणि मानेत गाठी असतील, तर मुलाला दाखवावे. आणि संधिज्वराची सुई सुरू असलेल्यांनी बरे वाटते म्हणून ती सोडू नये. झडप खराब झाली नसेल तर ती किमान पाच वर्षे आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे पुढे असेल तोवर घ्यावी लागते. झडप खराब असेल तर पंचविशीपर्यंत, चाळिशीपर्यंत, क्वचित जन्मभर. आज सभेनंतर मी आणि आमच्या परिचारिका बाह्यरुग्ण विभागात थांबणार आहोत. ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्यांनी जुने कागद असतील तर ते घेऊन, नसतील तर तसेच यावे. दिवाळीनंतर जे कामावर जाणार आहेत, त्यांनी कोणत्या गावी जाणार ते सांगावे. तेथपर्यंतच्या सुयांच्या तारखा आजच लिहून देऊ.